राजाच्या वाट्याची हातभर नदी

एका राज्यात एक नदी होती आणि नदीत एक होडी. होडीला नावाडी नव्हता. दोन दोर दोन काठांना पोचत. ज्याला जायचे त्याने आपल्या बाजूचा दोर ओढून होडी जवळ घ्यावी, दुसरा दोर ओढत जाऊन पलीकडे उतरावे, आणि चिखलात पाय घालून होडी पुन्हा मध्यावर ढकलावी. होडी देणाऱ्या मांत्रिकाने बजावले होते, "जो ती स्वतःसाठी बांधून ठेवील, त्याच्यापायी नदी हातभर रुंदावेल."

राजा जयकेतूने राणी इंदुलेखेला बाळंतपणासाठी पैलतीरी माहेरी पोचवले आणि परत येताच होडी काठच्या उंबराला बांधली. निरोप आला की निघायला बरी! राजानेच बांधली म्हटल्यावर प्रजेला आयतेच निमित्त. कुणी ती सोडून बाजारासाठी बांधली, कुणी सोयरिकीसाठी, आणि कुणी नुसती शेजाऱ्याला मिळू नये म्हणून. राणीला मुलगी झाल्याची बातमी भारद्वाज पक्ष्याने आणली, तेव्हा पैलतीर दिसेनासा झाला होता. राजा निघून पाही, पण होडी निघाली की पाणी तिच्यापुढे पसरत जाई; मग परतून तो ती पुन्हा उंबरालाच बांधी.

राजा काठावर बसून रडला. लेकीसाठी रडला, त्यात लाजायचे काय?

"उपाय सांग, पक्षिराज."

"तीन कामे आहेत, राजा. तू बांधलेली गाठ तूच सोड. तुझ्याआधी जो खोळंबला असेल, त्याला आधी बसव. तिसरे पलीकडे कळेल."

राजाने गाठ सोडली. लेकीकडे निघालेली फुलवा कासारीण केव्हाची ताटकळली होती. तिच्या बांगड्यांच्या टोपल्या आधी चढवल्या, मग स्वतः बसला. या खेपेला पाणी पसरले नाही. दिवसभराने पैलतीर लागला. फुलवा आपल्या वाटेने गेली आणि राणीच्या माहेरच्या राजवाड्यातून तान्ह्या मुलीचे रडणे ऐकू आले.

काठावर दुसरे कुणी नव्हते. होडी बांधली तर उद्याच मायलेकी घरी. सोडली तर ती पुन्हा कधी हाती लागणार, देव जाणे. तिसरे काम कुणी सांगायला नको होते. राजा गुडघाभर चिखलात उतरला आणि त्याने होडी ढकलली.

नदी हातभर आटली.

"एवढेच?" राजाने विचारले.

"तुझ्या वाट्याचे एवढेच," मागोमाग उडत आलेला भारद्वाज म्हणाला. "बाकीची नदी बाकीच्यांकडे आहे."

ऐलतीरी लोकांनी दोर ओढला, तर मोकळी होडी आली आणि ते मनात ओशाळले. पहिला आला तो एक साळी. उतरताना त्याला चिखलात राजाची पावले दिसली. त्यानेही होडी ढकलली. त्याच्यामागून आलेल्यानेही. बारशापर्यंत नदी आपल्या पात्रात आली, शाप फिटला.

राजा मायलेकींना घेऊन परतला. उतरताच त्याने लेकीचे इवलेसे पाऊल होडीला टेकवले आणि मग जोर लावला.

त्यांची नदी वाहती राहिली, तशी तुमचीही राहो. उतरलात की होडी तेवढी ढकला.