गांजावर गावाचं म्हणणं

एका गावात एक भोळा शिपाई होता. गावाचं नाव कुसळवाडी, शिपायाचं नाव लिंबाजी. ग्रामपंचायतीचं कुलूप उघडायचं, सतरंजी झटकायची, कागद इकडून तिकडे न्यायचे, ही त्याची कामं. माणूस कष्टाळू. खोटं बोलायचा नाही, चुकारपणा करायचा नाही. सांगितलेलं काम करायचा. पण सांगितलं तेवढंच करायचा, आणि सांगितलं अगदी तसंच करायचा. एकदा सरपंच हिराबाई म्हणाल्या, "मी येईपर्यंत दारावर नजर ठेव." लिंबाजीनं ठेवली. मागच्या खिडकीतून पंचायतीचा पंखा गेला, तरी त्याची नजर दारावरून हलली नाही.

असा हा लिंबाजी शेवंतावर जीव टाकून होता. शेवंता म्हणजे आबाजी पोलीसपाटलांची मुलगी. तिलाही तो आवडायचा. एकदा हातपंपावर ती त्याला म्हणाली, "जरा थांबा हं, आलेच," आणि घरी जाऊन विसरली. दिवस मावळताना परत आली, तर लिंबाजी तिथंच उभा. असा माणूस शोधून सापडणार नाही, असं शेवंताला वाटलं. आबाजींनाही तेच वाटलं, पण ते काही कौतुकानं नव्हे.

"हे बघ लिंबाजी," आबाजी म्हणाले, "तू एक काम धड करून दाखव. एकच. त्याच दिशी सुपारी फोडतो."

"आलं ध्यानात," लिंबाजी म्हणाला.

आणि नेमका त्याच आठवड्यात राज्याच्या राजधानीतून कागद आला. राज्यात गांजा मोकळा करायचा का, असा विचार चालू आहे. ज्याला ओढायचा त्यानं ओढावा, पोलिसांनी धरू नये. तर प्रत्येक गावानं आपलं म्हणणं शनिवारपर्यंत कळवावं.

हिराबाईंनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि लिंबाजीला हाक मारली. "घरोघर जा. लोकांना काय वाटतं ते विचार आणि लिहून आण. हेच तुझं काम समज. हे धड झालं तर आबाजींना मी स्वतः सांगते."

"आलं ध्यानात."

लिंबाजी वही घेऊन निघाला. पहिलं घर गंगूबाईंचं. त्यानं विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, तू जेवून आला न्हाईस," गंगूबाई म्हणाल्या.

लिंबाजीनं लिहून घेतलं. पुढं पांडबा भजीवाला भेटला. "तुम्हाला काय वाटतं?" पांडबा म्हणाला, "मला वाटतं ह्या खेपेचं बेसन खवट हाय, पर बोलू नको कुणाला." तेही लिहिलं. संध्याकाळपर्यंत वही भरली. हिराबाई वाचायला बसल्या. एकाला वाटत होतं की त्याचा भाऊ बांध कोरतोय. एकीला वाटत होतं की सून मुद्दाम मीठ जास्त घालते. दिवसभर चिलीम ओढणाऱ्या जालिंदरला आपल्याला काही वाटतच नाही असं वाटत होतं.

"अरे, ह्यात गांजा कुठाय?" हिराबाईंनी कपाळावर हात मारला.

"तुम्ही विचारायला सांगितला नव्हता."

"गांजाचं नाव घे रे बाबा! आधी गांजाचं नाव घ्यायचं, चांगलं ठणठणीत आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग विचारायचं."

"आलं ध्यानात," लिंबाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गावचा बाजार. कांदेवाला आणि बांगडीवाली यांच्या मधल्या जागेत लिंबाजी उभा राहिला आणि ठणठणीत आवाजात म्हणाला, "गांजा! गांजा! बोला, काय म्हणता?"

सगळ्या बाजाराच्या माना वळल्या. मग अशी काही गर्दी लोटली की कांदेवाल्याचा तराजू आडवा झाला. "कसा दिला?" "ओला की वाळका?" "आधी वानगी दाखव!" बांगडीवालीनं गाठोडं आवळलं, पण गेली नाही, बघत बसली. मठातले मौनीबाबा सात वर्षं कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. ते गर्दीतून वाट काढत पुढं आले, त्यांनी झोळी उघडली आणि म्हणाले, "पावशेर दे."

त्यांच्या मागोमाग आबाजी पोलीसपाटील आले. त्यांनी लिंबाजीची कॉलर धरून त्याला चावडीपर्यंत आणलं. खरा प्रकार कळल्यावर त्यांनी कॉलर सोडली, पण आवाज खाली आणला नाही.

"असल्या गोष्टी बाजारात वरडायच्या असत्यात व्हय? माणसाला बाजूला घ्यायचं. इकडंतिकडं बघायचं. आन् हळूच कानात इचारायचं."

"आलं ध्यानात, मामा."

"मामा कुणाला म्हनतो? आजून सुपारी फुटायची हाय!"

तिसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात टेकाळे गुरुजींचं भाषण होतं. गुरुजी वीस वर्षं व्यसनमुक्तीवर बोलत आलेले. चहासुद्धा कपभर दुधात चमचाभर घालून घ्यायचे. "हा गांजा आपल्या कुसळवाडीच्या वेशीवर येऊन उभा आहे!" गुरुजी कडाडले, आणि त्याच वेळी लिंबाजी व्यासपीठावर चढला. त्यानं गुरुजींचा दंड धरला. बाजूला घेतलं. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, आणि कानाशी तोंड नेलं.

गुरुजींच्या हातात माईक होता. तो चालू होता.

"गुरुजी, गांजा... काय म्हणता?" असं अख्ख्या पटांगणाला ऐकू आलं.

"अरे आत्ता नको," गुरुजी दबक्या आवाजात म्हणाले, "लोक बघतायत." हेही अख्ख्या पटांगणाला ऐकू आलं.

वीस वर्षांची पुण्याई एवढ्याशा वाक्यात वाहून गेली. पुढच्या रांगेतल्या जालिंदरनं उठून गुरुजींना नमस्कार केला. पहिल्यांदाच. गुरुजी भाषण टाकून घरी गेले, आणि लिंबाजी मागं मागं गेला, कारण म्हणणं लिहायचं राहिलं होतं.

"चोरट्यासारखं कानात काय विचारतोस?" गुरुजी अक्षरशः रडकुंडीला आले होते. "जे आहे ते उघड्यावर समोर ठेवावं. नीट पारखू द्यावं. घाई करू नये. मग ज्याचं त्याचं म्हणणं टिपून घ्यावं."

"आलं ध्यानात," लिंबाजी म्हणाला.

आता समोर काय ठेवायचं हा प्रश्न नव्हता. आबाजींनी माळावरून उपटून आणलेली गांजाची झुडपं पंचनाम्यासाठी पंचायतीच्या पडवीत बांधून ठेवली होती. लिंबाजीनं भारा डोक्यावर घेतला. म्हटलं, होणाऱ्या सासऱ्यापासून सुरुवात करावी. आबाजी घरी नव्हते. शेवंता पाण्याला गेली होती. गोठ्यात फक्त म्हैस होती, चंद्री नावाची. लिंबाजीनं भारा उघड्यावर चंद्रीसमोर ठेवला आणि घाई न करता बाजूला बसला.

चंद्रीनं वास घेतला. मग नीट पारखलं. मग भारा संपवला.

आबाजी घरी आले तेव्हा चंद्री चारी पाय पसरून पडली होती आणि डोळे अर्धे मिटून आढ्याकडं बघत होती. एरवी कुणी शेपटीला हात लावला तरी लाथ झाडणारी म्हैस, तिच्या पाठीवर कोंबडी बसली होती. शेजारी लिंबाजी वहीत लिहीत होता. आबाजींनी वही हिसकावून घेतली. त्यात लिहिलं होतं: चंद्री, राहणार पोलीसपाटलांचा गोठा. म्हणणं: अनुकूल. आणखी आहे का असे विचारते.

आबाजींनी पंचनाम्याचा माल गेला म्हणून डोकं धरावं की म्हशीचं दूध गेलं म्हणून, हे त्यांनाच कळेना. "शेवंताचं नाव परत काढू नकोस," एवढंच ते म्हणाले. पाणी घेऊन परतलेली शेवंता आत भांडी आपटत रडायला लागली. लिंबाजीलाही रडू आलं. चूक कुठं झाली हे काही केल्या त्याला सापडत नव्हतं. जे जसं सांगितलं ते तसंच केलं होतं.

हिराबाई धावत आल्या. त्यांनी आबाजींचे हात धरले. "पाटील, उद्या शनिवार. ग्रामसभा आहे. तेवढी शेवटची संधी द्या. पोराचं मन वाईट नाही."

"मन न्हाई वाईट, पर दूध गेलं की!" आबाजी म्हणाले. पण त्यांनी आत भांड्यांचा आवाज ऐकला आणि मान हलवली.

हिराबाईंनी लिंबाजीला समजावलं, "जनावराचं म्हणणं धरत नाहीत. माणसाचं धरायचं. माणूस ह्या गावचा पाहिजे आणि त्याला अठरा पूर्ण पाहिजेत. एवढं जमलं की त्याचा हात मोजायचा."

"आलं ध्यानात," लिंबाजी म्हणाला.

शनिवारी सकाळी देवळापुढं सभा भरली. लिंबाजी वाटेवर उभा राहून एकेकाला आत सोडत होता. गंगूबाईंना त्यानं अडवलं. "अठरा पूर्ण?"

"पाचदा," गंगूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

सभा रंगली. पांडबा म्हणाला, "मोकळा करा. त्यानं मान्साला भूक लागती. माझी भजी खपतील." गुरुजी उठले, "गाव रसातळाला जाईल," म्हणाले आणि कुणी हसायच्या आत बसले. गंगूबाईंनी विचारलं, गुडघ्याला चोळून चालेल का. एकजण म्हणाला, पीक घेतलं तर अनुदान किती, ते आधी सांगा. सगळ्यात जोरात विरोध केला जालिंदरनं. तो रोज ओढणारा, सगळ्या गावाला ठाऊक. "सरकारनं मोकळा केला म्हंजे काय व्हईल?" तो कळवळून म्हणाला. "दाखला लागंल. फोटो लागंल. रांग लागंल, आन् रांगेत गेलं की साहेब जेवायला गेल्याला असंल. आत्ता कसं, गपगुमान मिळतंय. चाललंय त्ये बरं चाललंय, उगं मोकळं करू नगा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हणणं पटण्यासारखं होतं.

मग हात वर झाले. लिंबाजीनं मोजले. मोकळा करा, एकोणसाठ. करू नका, बहात्तर. कळत नाही, बारा.

हिराबाईंनी बेरीज केली. "सभेत तुला सोडून माणसं एकशे चाळीस. हात एकशे त्रेचाळीस कसे?"

"तिन्ही वेळा मी पण वर केला," लिंबाजी म्हणाला. "मी माणूस आहे. ह्याच गावचा आहे. अठरा पूर्ण आहेत."

हिराबाई खुर्चीवरून उठल्या. त्यांनी लिंबाजीला पारावर बसवलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "ऐक. मोजणाऱ्यानं हात वर करायचा नाही. मोजणाऱ्याला मत नसतं. कुणी कितीही विचारलं, तरी स्वतःचं म्हणणं तोंडातून काढायचं नाही. कागद काढायचा, लोकांना हात वर करायला सांगायचं, मोजायचं, आणि जे होईल ते मोठ्यानं वाचून दाखवायचं. कळलं?"

"आलं ध्यानात," लिंबाजी म्हणाला.

आणि खरंच आलं होतं. त्यानं परत मोजलं. अठ्ठावन्न, एकाहत्तर, अकरा. बेरीज बरोबर एकशे चाळीस. मोठ्यानं वाचून दाखवलं. कुठं चूक नाही, कुठं खाडाखोड नाही. हिराबाईंनी सही केली, शिक्का मारला, आणि कुसळवाडीचं म्हणणं वेळेत राजधानीला गेलं.

आबाजींनी कागदाची नक्कल उलटसुलट बघितली. उन्हात धरून बघितली. शेवटी त्यांना हसू आलं. "धड झालं की रे काम," ते म्हणाले. शब्दाचा पक्का माणूस. त्याच दिवशी दुपारी त्यांनी अंगणात मांडव घातला, भाऊबंद बोलावले, सोयरे बोलावले. गूळ वाटला. पाटावर शेवंता हिरवी साडी नेसून बसली. समोरच्या पाटावर लिंबाजी, डोक्याला नवी टोपी, आणि आनंदानं त्याला धड बसवतही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातून सगळं बरोबर झालं होतं, आणि ते कसं झालं हे त्यानं मनात पक्कं धरून ठेवलं होतं.

रीतीप्रमाणं आबाजींनी सुपारी पुढं ठेवली, अडकित्ता हातात घेतला आणि भरल्या मांडवात विचारलं, "बोला जावईबापू, मुलगी पसंत हाय न्हवं?"

लिंबाजीनं तोंड उघडलं. 'हो' अगदी ओठांवर आलं. आणि त्यानं ते गिळलं.

त्यानं खिशातून कागद काढला. उभा राहिला. घसा साफ केला.

"ज्यांना मुलगी पसंत आहे," तो म्हणाला, "त्यांनी हात वर करा."

मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. पण शेवंता गुणाची मुलगी, नाही कोण म्हणेल? एका मामानं हात वर केला. मग मावशीनं केला. मग सगळा मांडव हात वर करून बसला. लिंबाजी रांगेरांगेतून फिरला, बोट लावून एकेक हात मोजला, कागदावर लिहिलं आणि परत पाटावर येऊन मोठ्यानं वाचून दाखवलं.

"मुलगी पसंत, ब्याऐंशी. नापसंत, कोणी नाही. हात वर न केलेले, एक. नवरदेव."

आबाजींनी अडकित्ता खाली ठेवला. सुपारी उचलली, कोपरीच्या खिशात टाकली. "ब्याऐंशी जनांस्नी पसंत हाय," ते म्हणाले, "त्यातलाच एखादा बघतो."

शेवंताच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "अवो," ती म्हणाली, "पर तुमचा हात का न्हाई वर?"

"मी कसा करणार?" लिंबाजी म्हणाला. "मी मोजत होतो."