नलूला शिकवलेली आठ नावं

“...म्हणजे नाक मी नव्हे, कान मी नव्हे, हात, पाय, डोळे, पोट, यातलं काहीच मी नव्हे. हे मला पुरतं पटलंय, बुवा. मग आता दीक्षेला अडचण कसली?”

भानुबुवा वाती वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“लेकरू जेवलं का?” त्यांनी विचारलं.

“जेवली. दूधभात खाल्ला.”

“किती खाल्ला?”

मला माहीत नव्हतं.

या गोष्टीला पन्नास वर्षं होऊन गेली. पूर्णेच्या काठी बुवांचा मठ होता. मठ म्हणजे काय, पत्र्याच्या चार खोल्या, पुढे सारवलेलं अंगण आणि अंगणात एक कडुलिंब. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. तालुक्याच्या शाळेत संस्कृत शिकवायचो आणि आपल्याइतकं कुणाला काही कळत नाही, अशा तोऱ्यात चालायचो.

आदल्या कार्तिकात माझी बायको, कुमुद, गेली. तीन दिवस ताप होता. चौथ्या दिवशी सगळं संपलं. आमची लेक, नलू, तेव्हा दहा महिन्यांची होती.

लोकांना मी सांगत होतो की मला वैराग्य आलंय. वैराग्य कसलं! मला घरी जायची भीती वाटायची. दार उघडलं की खुंटीवरची तिची छत्री दिसायची, आणि पुढचा सगळा दिवस वाया जायचा. म्हणून उन्हाळ्याची सुट्टी लागताच नलूला घेऊन मी मठात येऊन राहिलो होतो.

अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, मूलबाळ नव्हतं. नलूला घ्यायला ती तयार होती. वैशाखी पौर्णिमेला अक्का मठात येईल, नलूला घेऊन जाईल आणि मी भगवी वस्त्रं घालून उत्तरेकडे चालू लागेन, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. फक्त बुवांचा होकार बाकी होता.

“पौर्णिमा कधी आहे?” बुवांनी विचारलं.

“पंधरा दिवसांनी.”

“तोवर नलूला शिकव.”

“काय शिकवू?”

“नाक, कान, डोळे, दात. हात, पाय, पोट, केस. आठही आली की वस्त्रं घेऊन जा.”

“एवढंच?”

“एवढंच...”

मला राग आला. मठातल्या इतरांना बुवा जप द्यायचे, ध्यान द्यायचे. मला दिली काय, तर बालवाडी! पण म्हटलं, ठीक आहे. ज्याच्यासमोर अकरावीची पोरं चळाचळा कापतात, त्याला आठ नावं शिकवणं काय जड?

दुसऱ्या दिवशी सकाळी कडुलिंबाखाली बैठक मारली. नलूला मांडीवर समोरासमोर बसवलं, तिचं बोट धरलं आणि माझ्या नाकावर टेकवलं.

“हे नाक. काय? नाक.”

नलूनं नाकाकडे पाहिलं, मग बोटाकडे पाहिलं, आणि ते बोट सरळ माझ्या नाकपुडीत घातलं.

मठात आरसा ठेवायची रीत नव्हती. शिकवायला चेहरा होता तो एकच, माझा.

एरवी घरात दोन माणसं असतात. एक विचारतं, ‘बाबांचं नाक कुठंय?’ दुसरं लगेच म्हणतं, ‘आणि सोनूचं?’ लेकरू आपसूक दोन्ही शिकतं. आमच्याकडे ते दुसरं माणूस नव्हतं. ही उणीव तेव्हा माझ्या ध्यानातही आली नाही.

नाक तिला दोन दिवसांत आलं. “नाक कुठंय?” म्हटलं की ती अचूक माझ्या नाकावर झडप घालायची. नखांचे ओरखडे निघाले.

मग कान. माझे कान मोठे आहेत. कुमुद त्यांना सुपं म्हणायची. नलू एक सूप धरून अशी लोंबकळायची की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. कान दुखला म्हणून पाणी आलं, अशी मी स्वतःची समजूत घालायचो.

दात म्हटलं की अख्खी मूठ माझ्या तोंडात. पोट म्हटलं की दोन्ही तळव्यांनी ताशा. पाय म्हटलं की मांडीवरून घसरत खाली जाऊन माझा अंगठा गच्च पकडायचा, आणि मग विजयी मुद्रेनं वर बघायचं.

केस शेवटी शिकवले. ते तिचे सगळ्यांत लाडके. “केस कुठंयत?” म्हटलं की ती दोन्ही मुठी भरून माझे केस धरायची आणि आपलं कपाळ माझ्या कपाळावर टेकवायची. दुपारी तशीच झोपायची. मूठ सोडवायला गेलं तर झोपेतच कुरकुरायची, म्हणून मीही मान वाकडी करून तासतासभर पडून राहायचो.

अंगणात लिंबोळ्या पडत. मठातली माणसं आडवी झालेली असत. नलूचा श्वास माझ्या गालाला लागायचा... ते दिवस मला अजून हवेहवेसे वाटतात. तेव्हा मात्र मी बोटांवर पौर्णिमा मोजत होतो, इतका मी शहाणा.

बुवा येता-जाता विचारायचे, “कुठवर आलं?”

“सहा झाली.”

“हं...” म्हणून पुढे जायचे.

चतुर्दशीला मी छाती काढून त्यांच्यापुढे उभा राहिलो.

“आठही आली, बुवा.”

“मग उद्या बघू.”

पौर्णिमेला सकाळी न्हावी आला. मी नदीकाठी मुंडण करून घेतलं. कुमुदनं रविवारी रविवारी तेल चोळलेले ते केस वाळूत पडले होते. मी तिकडे बघितलं नाही. डोकं हलकं झालं, आणि आता सुटलो असं वाटलं.

मठात परतलो तर अक्का आलेली. नलूसाठी तिनं फुलाफुलांचा फ्रॉक शिवून आणला होता. माझं डोकं पाहून तिनं पदर तोंडाला लावला.

“असा कसा रे दिसतोस...” एवढंच म्हणाली.

नलू नुकती उठली होती. माझा आवाज ऐकून हात पसरून आली. मी तिला उचललं, अंगणात जमलेल्या मंडळींत बुवांसमोर बसलो आणि रोजच्यासारखं मांडीवर घेतलं. बुवांच्या पुढ्यात भगव्या वस्त्रांची घडी होती.

बुवांनी पुढे वाकून विचारलं, “नलूबाई, नाक कुठंय?”

नलूनं माझं नाक पकडलं.

“शाबास. कान?”

तिनं माझा कान ओढला. डोळे, दात, हात, पाय, पोट, सगळं तिनं धडाधड दाखवलं. मी अक्काकडे ऐटीत पाहिलं.

“बरं, आता तुझं नाक दाखव,” बुवा म्हणाले.

नलूनं पुन्हा माझंच नाक धरलं.

अक्काला हसू फुटलं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. इन्स्पेक्टरसमोर वर्गातला पहिला नंबर गडबडावा, तसं.

“तुझं गं, तुझं!” मी तिचं बोट धरून तिच्या नाकावर नेलं. तिनं बोट सोडवून घेतलं आणि माझ्या नाकावर ठेवलं.

मी तिला उलटी फिरवली, बुवांकडे तोंड करून बसवली.

“आता सांग. नाक कुठंय?”

ती मांडीत गोल वळली, गुडघ्यांवर उभी राहिली आणि हसत हसत माझ्या नाकाला लोंबकळली.

“बुवा, हिला सगळं येतं. आज जरा...”

“येतंय की,” बुवा म्हणाले. “ती चुकली कुठं?”

मी तिला पुन्हा माझ्याकडे तोंड करून नीट बसवली.

बुवांनी मग अगदी हळू विचारलं, “नलूबाई... केस कुठंयत?”

नलूचे दोन्ही हात वर गेले. तळवे माझ्या डोक्यावर पडले. मुठी मिटल्या. मुठीत काहीच आलं नाही.

तिनं मुठी उघडून पाहिल्या.

पुन्हा हात वर नेले. पुढे चाचपलं, मागे चाचपलं, कानांच्या मागे बोटं फिरवली. एकदा माझ्या खांद्यावरून वाकून पाठीमागे पाहिलं, तिकडे कुठं पडलेत का म्हणून.

मग ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

तिच्या स्वतःच्या डोक्यावर कुरळं जावळ भुरभुरत होतं. तिकडे तिचा हात एकदाही गेला नाही.

अक्का उठून आत गेली.

नलू रडली नाही. नुसता खालचा ओठ पुढे आला, आणि तिनं हाताला लागला तो माझा कान घट्ट धरून ठेवला.

बुवांनी वस्त्रांची घडी उचलली आणि माझ्यापुढे धरली.

“घे. तू शिकवलंस. मी शब्द दिला होता.”

मी हात पुढे केला. मांडीवर नलू होती, कान तिच्या मुठीत होता. तिला न हलवता घडीपर्यंत हात पोचेना. थोडा अजून वाकलो तर तिची मूठ सुटली असती... मी वाकलो नाही. तसाच अर्ध्यावर हात धरून राहिलो.

“काय झालं?” बुवा म्हणाले.

“बुवा...”

कार्तिकापासून अडवून धरलेलं रडू त्या अंगणात, सगळ्यांदेखत बाहेर पडलं.

बुवांनी मला रडू दिलं. मग वस्त्रं मांडीवर ठेवून ते म्हणाले, “केस तर गेलेच तिचे... आता तिचं नाक, तिचे कान, तिचे डोळे घेऊन कुठं निघालास, वामन?”