राजाच्या कपाळावरचा मसूर

एक होता राजा. इकडचा नाही हं, लांब इराणकडच्या पार्थिया देशाचा. तिथली माणसं म्हणे पळत्या घोड्यावरून मागे वळून बाण मारायची! राजाचं नाव बोझान. नुकताच गादीवर बसलेला, आणि सारखा घाबरलेला. का? तर त्याच्या कपाळावर चामखीळ नव्हती!

हसताय काय? त्या देशाच्या नाण्यांवर राजाचं तोंड असायचं. आणि बोझानच्या पणजोबांपासून प्रत्येकाच्या कपाळावर ही ठसठशीत चामखीळ. ज्याला चामखीळ नाही तो राजाची औलादच नाही, असं सरदार म्हणायचे. कळलं असतं तर गादीवरून खालीच ओढलं असतं बिचाऱ्याला.

मग त्यानं मेण लावलं. ते उन्हात वितळलं. मग कणकेची गोळी लावली. ती चिमणीनं पळवली, बरं का! मग डिंकानं मसूर चिकटवला. तो टिकला. पण त्याची चिमुकली लेक रोदा पापी घ्यायला धावली, की राजा तिला दूर सारायचा. ती हिरमुसायची. त्यालाही फार वाईट वाटायचं. त्याचे बाबाही त्याला असंच दूर सारायचे.

मग नवं नाणं पाडायचं ठरलं. नाण्यांचे ठसे कोरायची आझाते, मोठी चौकस बाई. तिनं राजाला न्याहाळलं आणि म्हणाली, "महाराज, काल ही चामखीळ डावीकडे होती."

राजानं झटकन कपाळावर हात ठेवला. पण आझातेनं पेटीतून पणजोबांचे दोन जुने ठसे काढले. एकात कपाळ सपाट. दुसऱ्यात छिन्नीचा ओरखडा आणि त्याच्या टोकाला खड्डा. ठशात खड्डा पडला, की नाण्यावर उंचवटा येतो.

"माझ्या पणज्याचा हात घसरला, महाराज. तुमच्या पणजोबांना चामखीळ नव्हतीच."

"मग आजोबांना? बाबांना?"

दाढी विंचरायला आलेला म्हातारा न्हावी तिथंच उभा होता. तो रडायलाच लागला. "तुमच्या बाबांना रोज सकाळी मीच मसूर चिकटवायचो. आजोबांना माझा बाप चिकटवायचा. आम्हाला शपथ घातली होती, महाराज."

मग राजानं दरबार भरवला. ठसे दाखवले, न्हाव्याला बोलतं केलं, आणि सगळ्यांदेखत मसूर काढून टाकला. सरदारांनी ठसे हातात घेऊन उलटसुलट पाहिले. शेवटी सगळ्यांत म्हातारा सरदार पुढे आला. "चुकलं नाणं, आणि आम्ही माणसं पारखत बसलो!" असं म्हणून त्यानंच पहिला मुजरा केला.

मग आझातेनं सपाट कपाळाचं नाणं कोरलं. राजानं रोदाला उचललं. तिनं कपाळाची पापी घेतली. दुसरी घेतली. राजा म्हणाला, "अजून एक दे. माझ्या बाबांची राहिलीय."

मग ती सगळी सुखानं नांदली. आणा बघू आता तुमची कपाळं इकडे. मसूर नाही ना कुणाच्या? ही घ्या पापी, आणि मिटा डोळे.