थाळीच्या खडकावरचं मेण

घाट चढून वर आलात की सादडमाळाच्या तोंडाशी उजव्या हाताला एक सपाट, गोल खडक लागतो. आम्ही त्याला थाळीचा खडक म्हणतो. मधोमध बोट जाईल एवढं भोक आहे आणि भोकाभोवती काळे काळे गोळे चिकटलेले दिसतात. पाहुण्यांना वाटतं, कुठल्यातरी किड्यांची घरं असतील. मागं एक जण काडीनं ते खरवडायला बसला, तर गुरं घेऊन चाललेल्या आमच्या धाकट्या सुनेनं त्याचा हातच धरला. ते मेण आहे, आग्या मोहोळाचं. गाव सोडून गेलेल्या एकेका माणसानं लावलेलं. वारा सुटला की हा खडक गुणगुणतो. आत्ता ऐकू येत नसेल तर बसा थोडं. तोवर सांगते.

आमच्या मुलखात थाळीवरचं गाणं असतं. काशाच्या थाळीत मधोमध मेणाचा गोळा बसवायचा, त्यात एक लांब बारीक काडी उभी रोवायची आणि चिमटीत धरून ती वरून खाली ओढत राहायची. थाळी घुमायला लागते, अगदी मोहोळ घुमावं तशी. तिच्या सुरावर थाळकर कथा सांगतो. लग्नाला थाळी, नव्या धान्याच्या वेळी कणसरीमातेपुढं थाळी, आणि माणूस गेलं तरी थाळीच. मेलेल्याचं गाणं मोठं असतं. त्यात गेलेला जीव घरातून निघतो, शेताचा बांध ओलांडतो, ओळखीच्या झाडांचा निरोप घेतो आणि शेवटी एका नदीशी येऊन उभा राहतो. तिथं थाळकर त्याच्या वतीनं विचारतो, "पल्याड कोण हाय?" साथीला बसलेला जबाब देतो, "घरचंच हाय, ये." म्हणजे आधी गेलेली माणसं त्याला बोलावून घेतात. मग थाळकर त्याचं नाव उच्चारतो आणि जीव पार होतो. पार झालेला परत येत नाही. म्हणून हे गाणं एकदा उचललं की मध्ये टाकायचं नाही, आणि ते पुरं होईपर्यंत त्या थाळकरानं दुसरं गाणं धरायचं नाही, असा नेम आहे.

तर फार मागं, आमच्या आजीच्याही आजीच्या आधी, सादडमाळावर भादू थाळकर म्हणून एक होता. असं सांगतात की त्याची थाळी सुरू झाली की रवंथ करणाऱ्या गाई तोंड थांबवायच्या. त्याला बायको-पोर नव्हतं. पण शेजारच्या येसूची लेक पवळी त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायची, चालायला लागली तेव्हापासून. थंडीत मेण कडक होतं, काडी उभी राहत नाही. मग ही पोर मेणाचा गोळा मुठीत धरून मळत बसायची, मऊ झाला की भादूच्या हातावर ठेवायची. ऐकून ऐकून तिला गाणी पाठ झाली. ओढ्याच्या एका काठाला उभी राहून शेळ्यांना विचारायची, पल्याड कोण हाय, आणि पलीकडं उडी मारून आपणच सांगायची, घरचंच हाय, ये. म्हाताऱ्या तिच्यावर ओरडायच्या, मेलेल्याचं गाणं खेळायला घेते म्हणून. पोरीला त्याचं काय.

मग एका वर्षी पाऊस पडलाच नाही. नागली उगवली नाही, मोहाची फुलंही वेचून संपली. गाव घाट उतरून देशावर गेलं, पोट भरायला. येसूचा नवरा वाटेतच तापानं गेला. परत येताना एका बाजारात बैल उधळले, माणसांची पांगापांग झाली आणि येसूच्या हातातून पवळीचा हात सुटला. पुष्कळ शोधलं म्हणे. शेवटी नदीच्या काठावर पोरीच्या डोक्याचं फडकं सापडलं. नदीला वरच्या अंगाचं पाणी आलं होतं. सगळ्यांनी काय ते समजून घेतलं आणि येसूला धरून घरी आणलं.

पुढच्या वर्षीही पाऊस लांबला. गावचा कारभारी म्हणाला की पोरीचा जीव नदीवर अडकून पडलाय, त्याला वाट मिळत नाही म्हणून पाण्यालाही वाट मिळत नाही. तिचं गाणं घालायला हवं. येसू नको म्हणाली. कुणी ऐकलं नाही. तिच्याच अंगणात थाळी मांडली. भादूचं मन नव्हतं, पण गावाचा शब्द मोडवेना. त्यानं गाणं उचललं. पवळीचा जीव घरातून निघाला, बांध ओलांडला, झाडांचा निरोप घेतला, नदीशी आला. भादूनं विचारलं, "पल्याड कोण हाय?"

साथीदारानं तोंड उघडायच्या आत येसू उठली आणि तिनं थाळीवरची काडी मोडली.

असं कधी कुणी केलं नव्हतं. कारभारी संतापला. येसूनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती भादूला म्हणाली, "बाबा, मी तिला मेलेली पाहिली नाही. तुम्हाला तिला पार करायची एवढी घाई का?"

भादूनं मोडकी काडी उचलली, कपाळाला लावली. गाणं अर्धं राहिलं. नेमाप्रमाणं आता त्याला दुसरं गाणं धरता येईना, आणि गावात दुसरा थाळकर नव्हता. त्या वर्षी लग्नं थाळीवाचून लागली, कणसरी मुकीच पुजली. लोक टोचून बोलायचे, एक बाई उठली आणि गावाची वाचा बसली. भादूनं वर्षभर ऐकून घेतलं, मग थाळी कांबळ्यात गुंडाळली आणि येसूच्या दारात जाऊन म्हणाला, "मीच उचललंय, मीच ठेवीन. मेली असेल तर तिची माती दाखवतो. जिती असेल तर तिला आणतो."

त्या दिवसापासून येसू ह्या खडकावर येऊन बसायला लागली, कारण इथून घाटाची वाट तळापर्यंत दिसते.

भादू गावोगाव फिरला. एकच गाणं, तेही अर्धं. बाजारात बसायचा, गायचा, नदीपाशी यायचा, विचारायचा, "पल्याड कोण हाय?" आणि हात उचलून घ्यायचा. देशावरच्या लोकांना ह्यातलं काय कळणार? पुढं काय झालं विचारायचे, हा नुसता मान हलवायचा. हा गाणारा शेपूट विसरून आलाय, म्हणायचे. एका वाण्याची बायको म्हणाली, बाबा, घासायचंच आहे तर आमचीही ताटं घास, भाकरी देईन. भादूनं तिची सगळी भांडी राखेनं लखलखीत घासून दिली, भाकरी खाल्ली आणि मग तिच्याच ओट्यावर गायला बसला. ती बाई नदीपर्यंत ऐकत राहिली आणि तिची चुलीवरची डाळ करपली, असं सांगतात.

वर्षं गेली. भादूची दाढी पांढरी झाली, बोटांना घट्टे पडले.

गिरणा नदीच्या काठी एक तेली राहायचा. त्याला मूलबाळ नव्हतं. दुष्काळाच्या साली बाजारात त्याला एक पोर सापडली होती, तापानं फणफणलेली. नवरा-बायकोनं तिला उचलून आणलं, जगवलं. पोर उठून बसली, पण तापात तिचं सगळंच गेलं होतं. नाव नाही, गाव नाही, बोलीही नाही. लाभली म्हणून तिचं नाव ठेवलं लाभी. तिला रडू आलं की तेलीण तिला घाण्याजवळ नेऊन बसवायची. घाणा फिरताना जो घों घों सूर निघतो, तो ऐकला की पोर गप्प व्हायची आणि तिची मूठ आपोआप उघडझाक करायला लागायची. मोठी झाली तरी ती खोड गेली नाही. भाकरीचं पीठ मळायला बसली आणि पलीकडं घाणा चालू असला तर मळतच राहायची. तिचा नवरा झिपरू, घरजावईच होता, तो हसायचा. म्हणायचा, लाभे, पीठ मऊ झालं गं, आता सोड त्याला.

एका सकाळी भादू त्या तेल्याच्या अंगणात सावलीला टेकला. पाणी मागितलं. तेलीण म्हणाली, गाणं म्हणत असशील तर म्हण, आमच्या घरात गाणं कुणाला येत नाही. त्यानं थाळी काढली. लाभी आत लेकराला न्हाऊ घालत होती. थाळी घुमली तशी ती ओल्या हातानं दारात आली. जीव घरातून निघाला, ती चौकटीला टेकली. बांध ओलांडला, ती खाली बसली. नदी आली. भादूनं नेहमीसारखं विचारलं, "पल्याड कोण हाय?" आणि हात उचलला.

"घरचंच हाय, ये," लाभी म्हणाली.

सादडमाळाच्या बोलीत. जी तिनं त्या घरात कधी उच्चारली नव्हती आणि जी तिथल्या कुणाला ठाऊक नव्हती. झिपरू तिच्या तोंडाकडं बघत राहिला. तिनं स्वतःच घाबरून तोंडावर हात ठेवला. मग हळूहळू सगळं वर यायला लागलं म्हणे, विहिरीचा गाळ काढल्यावर झरा फुटतो तसं. ओढा आठवला. शेळ्या आठवल्या. नागलीच्या भाकरीचा वास आठवला. आईचं तोंड मात्र काही केल्या आठवेना, त्याचंच तिला रडू आलं. भादू पुढं गायला नाही. थाळी कांबळ्यात गुंडाळत म्हणाला, "चल बाय. तोंड तिथं बघ."

झिपरूनं गाडी जुंपली. घाटाच्या पायथ्याशी गाडी सोडून सगळी चालत वर आली. येसू इथंच बसली होती, पार वाकलेली, डोळ्यांवर पडदा आलेली. समोर एक परकी बाई, परक्या नेसणीची, कडेवर लेकरू. दोघी एकमेकींना ओळखेनात. गाव गोळा झालं. कुणीतरी नाव सांगायला पुढं आला, त्याला येसूनं थांबवलं. म्हणाली, मला कुणी काही सांगू नका, बाबाला वाजवू द्या.

भादू खडकावर बसला. मेण कडक झालं होतं. लाभीनं लेकरू झिपरूकडं दिलं, न सांगता तो गोळा उचलला आणि मुठीत मळायला लागली. येसूला धड दिसत नव्हतं. तिनं हात पुढं करून त्या मुठीवर ठेवला. मूठ चालूच होती. येसूनं ती दोन्ही हातांत धरली ती धरलीच. मग भादूला त्यातलं मेण मागून घ्यावं लागलं.

आता खरी अडचण पुढंच होती. गाणं पुरं करायला हवं, आणि ते उचललं होतं पवळीच्या नावानं. नाव घेतलं की जीव पार. येसू म्हणाली, "माझं नाव घ्या. माझं सगळं झालं."

"तू आत्ता कुठं लेकीशेजारी बसलीस," भादू म्हणाला. "बस गप."

त्यानं काडी ओढली. नदीशी आला. विचारलं. मायलेकींनी एकदमच जबाब दिला. मग भादूनं स्वच्छ आवाजात नाव घेतलं, स्वतःचं.

हात काडीवरून निसटून मांडीवर पडला. पण थाळी घुमतच होती. लोक हात जोडून उभे राहिले. सूर थांबायची वाट बघितली, तो थांबला नाही. भादूला उचललं, माती दिली. थाळी उचलायला गेले, तर ती उचलेना. ती खडकाशी एकजीव झाली होती. काडी आपोआप गळून पडली, तिचं भोक तेवढं राहिलं. त्या वर्षी पाऊस वेळेवर आला.

पवळी आईजवळ राहिली, मग गिरणेकाठी आपल्या घरी परत गेली, कारण तेही घरच होतं. जाताना तिनं भोकाच्या काठाला मेणाचा गोळा लावला. म्हणाली, माझी काडी उभी राहू द्या, मी परत येणार आहे. दरसाल येत राहिली म्हणे, आई असेपर्यंत आणि नंतरही.

आजही सादडमाळावरून लग्न होऊन जाणारी पोर असो की द्राक्षाच्या बागांवर कामाला जाणारा गडी, इथं बसून थाळीवर आपल्या घरचं एक गाणं ऐकतो, मेण लावतो आणि मगच घाट उतरतो. आणि जो गेला, पण ज्याला मेलेला कुणी पाहिला नाही, त्याचं गाणं आमच्याकडं अर्धंच घालतात. नदीपर्यंत. थाळकर विचारतो आणि हात उचलतो. साथीदार जबाब देत नाही. सगळं गाव कान लावून बसतं.

गेल्या साली आमच्या गावच्या नवशाचं असंच अर्धं गाणं घातलं. बागेवर गेला तो आलाच नाही. पल्याड कोण हाय, विचारलं. कुणी बोललं नाही. मग नवशाची बायको उठली, कपाळाचं कुंकू तसंच ठेवून घरात गेली आणि त्याच्या वाटणीची भाकर थापायला बसली.