रुमालावरची ओल

एकदा एका कारागिराला जमिनीची भीती वाटू लागली. हसू नका. जयवंत त्याचे नाव. काँक्रीटच्या जमिनीवर इपॉक्सीचा गुळगुळीत, चकचकीत लेप चढवण्यात खाडीकाठच्या त्या गावात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण मागच्या पावसाळ्यात एका काजू कारखान्यात त्याने घातलेल्या लेपावर फोड आले. आधी रुपयाएवढे, मग बशीएवढे. अंगठ्याने दाबले की आतून पाणी यायचे. "समुद्राची हवा, दुसरं काय," असे त्याने मालकाला सांगितले. मालकाला ते पटले. जयवंतला स्वतःला मात्र पटले नव्हते, आणि तेव्हापासून कुठलीही जमीन पाहिली की त्याला आधी ते फोडच आठवायचे.

आता त्याच्या हाती गावातल्या धर्मादाय रुग्णालयाची डायलिसिसची खोली होती. तिथल्या डॉक्टरबाई ती तीन दिवसांनी उघडणार होत्या. इथे फोड आले, तर लेपाखाली बुरशी धरणार, आणि अंगात आधीच त्राण नसलेली माणसे त्याच खोलीत तासन्‌तास पडून राहणार. शिवाय त्यानंतर गावात जयवंतला कुणी दारात उभे करणार नव्हते. जागा खाडीतल्या भरावावरची. काँक्रीट ओतण्याआधी खालची ओल अडवायला प्लास्टिक अंथरले होते का, एवढे बांधणाऱ्यांना विचारायचे होते. पण उत्तर काय येईल या धास्तीने त्याने विचारलेच नाही. हॅलोजनचे दिवे लावून त्याने जमीन वरून खडखडीत वाळवली, आणि आपले गुरू गुणाजी मेस्त्री यांना बोलावले. सल्ल्यासाठी नव्हे हो, त्यांनी नुसते 'चालू कर' म्हणावे, म्हणजे छातीतली धडधड थांबेल, एवढ्यासाठी.

वृद्ध मेस्त्री आले. जमिनीवरून हात फिरवला. मग त्यांनी पिशवीतून पारदर्शक प्लास्टिकचा एक तुकडा काढला, जमिनीवर पसरला आणि चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या.

"उद्या याच वेळेला उघडू," ते म्हणाले.

"पण बाबा, दिवस तीनच उरलेत. आज पहिला थर नाही दिला तर—"

"आज हात लावायचा नाही," एवढेच बोलून ते काठी टेकत निघून गेले.

बाहेर श्रावणाची झड लागली होती. भिंतींना घाम फुटला होता. जयवंत दिवसभर त्या तुकड्याभोवती घुटमळत राहिला. संध्याकाळी दार लावताना त्याने मुद्दाम तिकडे पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेस्त्री यायच्या कितीतरी आधी तो खोलीत शिरला आणि दारातच थबकला. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला बारीक थेंब दाटले होते. खालचे काँक्रीट काळपट पडले होते. त्याला काजू कारखान्यातले ते फोड दिसू लागले. मग त्याने जे केले, ते भ्यालेला माणूसच करतो. एका बाजूची पट्टी सोडवली, खिशातल्या रुमालाने थेंब पुसले, गरम हवेचे यंत्र धरून काळपट डाग घालवला, आणि नवी पट्टी चिकटवली.

मेस्त्री आले. वाकून पाहिले. प्लास्टिक कोरडे, जमीन कोरडी. नव्या पट्टीवरून त्यांनी एकदा बोट फिरवले. चष्मा काढून म्हणाले, "जरा रुमाल दे रे. काच धुरकटली."

जयवंतचा हात खिशाशी गेला आणि तिथेच थांबला. गुरूंनी मागितलेले नाही कसे म्हणणार? त्याने रुमाल दिला. रुमाल ओला होता, आणि त्यावर सिमेंटचे करडे डाग होते.

मेस्त्रींनी चष्मा पुसला नाही. रुमाल खिडकीच्या गजावर वाळत घातला आणि ते खुर्चीवर बसले.

"हा वाळायला किती वेळ लागेल?"

"या हवेत? दोन दिवस तरी," जयवंत पुटपुटला.

"रुमालाला दोन दिवस. आणि या खोलीभर काँक्रीटला?"

जयवंत खाली बसला. "घाबरलो, बाबा."

"घाबरलास ते बरं केलंस," मेस्त्री शांतपणे म्हणाले. "न घाबरणाऱ्या माणसाला मी जमिनीचं काम देत नाही. हवेतलं पाणी प्लास्टिकच्या वर बसतं, ते पुसता येतं. हे खालून येतंय. त्यावर तू लेप चढवलास की त्याची वाट बंद होते, पाणी थांबत नाही. ते लेपालाच उचलतं. तुझी भीतीही वर्षभर अशीच खालून येतेय, आणि तू वरून पुसत बसलायस. खालून येणाऱ्या ओलीवर उपाय आहे. जमीन पुन्हा घासायची, ओल अडवणारा वेगळा थर आधी द्यायचा, तो नीट धरू द्यायचा. आठ दिवस जास्त लागतील. पण हे डॉक्टरबाईंना सांगायला लागेल, आणि ते मी सांगणार नाही."

जयवंत उठला. डॉक्टरबाईंच्या खोलीपर्यंतचा व्हरांडा त्याला कधी नव्हे इतका लांब वाटला. त्याने ओल सांगितली, सकाळची लबाडी सांगितली, काजू कारखान्याचेही सांगून टाकले. बाईंनी टेबलावरची तारखांची वही पुढे ओढली. त्या क्षणी हे काम गेलेच असे त्याने धरले.

"पेशंटना तारखा दिल्यात मी," त्या म्हणाल्या. "आठ दिवस त्यांना पुन्हा एसटीने जिल्ह्याला जावं लागेल. ते तुम्ही स्वतः त्यांना सांगायचं. आणि पुढचं प्लास्टिक माझ्यासमोर उघडायचं."

तो परत आला तेव्हा मेस्त्री निघून गेले होते. रुमाल गजावर तसाच होता, अजून ओला.

आजही जयवंत प्रत्येक कामावर आधी प्लास्टिक चिकटवतो, आणि दुसऱ्या दिवशी ते उघडताना मालकाला शेजारी उभे करतो. छाती अजूनही धडधडते. पण त्या वेळी तो खिशात रुमाल ठेवत नाही.

आपणही एखादी गोष्ट चकचकीत करायला घेऊ, तेव्हा खालून काय येते आहे ते आधी पाहावे, आणि पाहताना कुणाला तरी जवळ बोलवावे.