मुकीच्या वावरातलं बी

ते वर, कड्याच्या पोटाशी, डोंगराला ठिगळ लावल्यासारखं चिंचोळं वावर दिसतंय ना, ते मुकीचं वावर. आणि पायवाटेने एकामागोमाग उतरताहेत ती आमच्या दांडवाडीची म्हातारी माणसं. गाल फुगलेत म्हणून घाबरू नका. त्यांच्या तोंडात नागली आहे. तुम्ही तिला नाचणी म्हणता. घरी पोचून ती सुक्या भोपळ्याच्या तुंब्यात ओतेपर्यंत त्यांनी बोलायचं नाही. कार्तिकातला हा एकच दिवस असा, की ही गोष्ट मला शेवटपर्यंत सांगता येते. एरवी त्यांच्यातलेच आमचे नवसूबाबा पहिल्याच वाक्याला "तसं न्हाई गं, तुला काय ठावं" म्हणून मला गप्प करतात.

तर सगळ्यात आधी हे, की मुकी मुकी नव्हती. तिचं नाव ठमा. तिला मुकी म्हणायला लागले ते गावातले मोठे लोक, कारण तिने एकदा, फक्त एकदाच, त्यांना उत्तर दिलं नाही.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा दांडवाडीत दोन प्रकारची नागली होती असं सांगतात. वरच्या खडकाळ उतारावर हळवी. बुटकी, लहान कणसाची, पण दसऱ्याच्या आत घरात येणारी. खालच्या ओलीच्या वावरात गरवी. उंच, मुठीएवढ्या कणसाची, पण पाऊस शेवटपर्यंत टिकला तरच भरणारी. एक रुसली तर दुसरी पोट भरायची. हळवीच्या भाकरीचा वास म्हणे तीन घरं ओलांडून जायचा. माझ्या लहानपणापर्यंत तो वास घरोघरी होता. चुलीवरून भाकरी उतरली की आम्ही पोरं खेळ टाकून धावायचो, कुणाच्याही घरी.

ठमाचा सासरा खेवजी गावाचा कारभारी होता. एका लग्नात खालच्या गावचा व्याही पंगतीत सगळ्यांदेखत त्याला म्हणाला, "खेवजी, तुमची हळवी बरी हो, चिमणीलासुद्धा उडायची गरज नाही. उभ्या उभ्याच खाते." पंगत हसली. खेवजीच्या ते जिव्हारी लागलं. नेमका त्या वर्षी पाऊस शेवटपर्यंत टिकला आणि गरवी अशी भरली की कणसांच्या भाराने ताटं वाकली. खेवजीने डोंगरदेवीपुढे नारळ फोडून शब्द दिला. यापुढे गावात एकच बी, गरवीचं. हळवीचा दाणा शिवारात ठेवणार नाही. सगळी दळून तुझा भंडारा घालतो.

सगळ्यांनाच पटलं असेल असं नाही. पण म्हातारा बोलला की बोलला. ही रीत आमच्याकडे अजून आहे, देवीचा कोप परवडेल पण हिच्यातून सुटका नाही.

वैशाखात भंडाऱ्याचं दळण निघालं. खेवजीने घरोघरचे तुंबे स्वतः पालथे केले, बायांना पदर झटकायला लावले. शेवटची टोपली ठमाच्या जात्यापाशी आली. बाया ओव्या म्हणत होत्या, पीठ पडत होतं. ठमाने हात टोपलीत घातला आणि जात्याच्या तोंडात टाकायची मूठ आपल्या तोंडात टाकली.

तेवढ्यात खेवजी समोर येऊन उभा राहिला.

"झालं का गं सगळं दळून?"

ठमा गप्प.

"अगं बोल की! तोंडात काय माती भरलीय?"

बाया पदरात तोंड घालून हसल्या. ठमाचा नवरा तिथेच होता. तो म्हणाला, "बोल ना, बा इचारतोय." एक शब्द, एक "हो" पुरला असता. पण ओठ उघडले असते तर सगळी हळवी मातीत सांडली असती, आणि तिथून थेट जात्यात. ती सासऱ्याच्या डोळ्यांत बघत राहिली.

चारचौघांत सुनेने असं बघणं खेवजीला सोसलं नाही. तो म्हणाला, "जिला वडीलमाणसाला उत्तर द्यायला जड जातं, तिला या गावचं पाणी नाही."

ठमा उठली आणि होती तशी चढणीला लागली. येताना तुम्ही ते कोरडं कुंड पाहिलंत? तेव्हा तिथे झरा होता. ऊन कातडी सोलत होतं. ती झऱ्यापाशी थांबली, पाण्याकडे पाहिलं आणि पुढे निघाली. पाणी प्यायला तोंड उघडावं लागतं. म्हणे ती वर पोचली तेव्हा झरा तिच्या मागोमाग वर आला होता आणि कड्याच्या पोटातून ठिबकत होता. पाणी चढण चढत नाही, हे मलाही शिकवलंय कॉलेजात. पण कुंड कोरडं आहे आणि वावर ओलं आहे, हे तुम्ही स्वतः बघा.

मृग निघाला. ठमाने कड्याखाली माती ओढून वावर केलं, पालापाचोळा जाळून राब भाजला, तोंडातून आणलेलं बी टाकलं. खाली सगळ्या शिवारात गरवी लावली गेली. वाढली पण काय! खेवजी बांधाबांधाने मिरवत होता. आणि ऐन पोटरीत, दाणा भरायच्या आधीच, पाऊस गेला. गेला तो आलाच नाही. ताटं उभीच्या उभी वाळली. कणसं मुठीएवढी होती, पण चोळली की हातात नुसता कोंडा.

वर मात्र दसऱ्याच्या आतच ठमाची हळवी पिकली होती.

गावाने कंद खणून खाल्ले, रानभाज्या संपवल्या. मग कुणीतरी कड्याखाली पिवळं वावर पाहिलं. प्रत्येक घरातला वडील माणूस वर चढला. पुढे खेवजी. ठमा खळ्यात नागली पाखडत होती. खेवजीने मुंडासं काढून हातात घेतलं. शेवटी म्हणाला, "पोरी, पोरं भुकेली हायेत."

ठमाने आधी मोठ्या हांड्यात आंबील शिजवली आणि सगळ्यांना पाजली. उरलेली खाली पोरांसाठी दिली. मग बियाची नागली मुठीत घेतली आणि सासऱ्याच्या तोंडापाशी नेली. त्याने तोंड उघडलं. दाणे तोंडात पडल्यावर ती म्हणाली, "मामा, चावायचं नाही. गिळायचंही नाही. घरापर्यंत न्यायचं."

तिने प्रत्येकाला तशीच मूठ दिली. एवढ्या दिवसांची भूक पोटात, तोंडात दाणे, आणि उतरणीची वाट. वेशीवर पोरं धावत आली, "आजा, काय आणलं? आजा, बोल ना!" आणि एकाही म्हाताऱ्याला तोंड उघडता येईना. खेवजी रडत चालला होता म्हणे, पण ओठ मिटून. पुढच्या मृगात घराघरात हळवी पेरली गेली. एकानेही दाणा गिळला नव्हता.

ठमाला खाली बोलवायला नवरा गेला, खेवजीही गेला. ती आली नाही. मी असते तर मीही आले नसते.

हेच नवसूबाबा वर्षभर मला दुकानातल्या पिशवीच्या बियाण्याचं कौतुक ऐकवतात. जुन्यात काय ठेवलंय म्हणतात. गावात आता हळवी लावणारी मोजकीच घरं उरलीत. भाकरीचा तो वास आला की मी अजून वाटेत थांबते. पण आजही कार्तिकात नवसूबाबा गुडघे धरत वर चढतात, मूठभर हळवी तोंडात घेतात आणि उतरतात. आजही वेशीवर पोरं त्यांना घेरतात, ओढतात, गुदगुल्या करतात, "आजा, काय आणलं?" बघा, ते आलेच. माझ्याकडे डोळे वटारताहेत, म्हणजे गोष्टीत कुठेतरी मी चुकलेय.

पण ओठ बघा त्यांचे. घट्ट मिटलेत.