वळवळूचं घर उलटं झालं

एक होतं गांडूळ. त्याचं नाव वळवळू. अंगानं शेवईएवढं. रंगानं गुलाबी.

वळवळू राहायचा मोगऱ्याच्या कुंडीत. कुंडी होती गॅलरीत. कुंडीत गार गार माती. मातीत मऊ मऊ बोगदे. वळवळू माती खायचा आणि झोपायचा. उठायचा आणि माती खायचा. छान चाललं होतं त्याचं.

मग आला चैत्र. चैत्रात आला रविवार.

बाबा म्हणाले, "आज आपण सगळे मिळून बागकाम करू. अगदी आरामात करू."

बाबांनी बाह्या सरसावल्या. मोगऱ्याचं रोप काढलं. ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवलं. मग कुंडी धरली आणि उलटी केली.

धप्प!

सगळी माती पडली वर्तमानपत्रावर. आजच्याच. अजून वाचायचं होतं ते.

"मातीला जरा ऊन लागू दे," बाबा म्हणाले. "तोवर मी जरा टेकतो."

आता बाबांचं 'जरा' कसं असतं, ते घरात सगळ्यांना माहीत आहे. बाबा टेकले ते टेकलेच.

ऊन चढलं. माती तापली. मातीतून वळवळू बाहेर आला. बघतो तर काय, वर ऊन, खाली ऊन, अंगाला चटका. गांडूळ ओलं असेल तर गांडूळ. वाळलं की नुसती सुतळी. वळवळूला सुतळी व्हायचं नव्हतं.

"माझं घर कुठंय?" वळवळू म्हणाला. त्याला रडूच आलं.

सुळुक सुळुक, वळवळू गेला मातीकडे.

"माती माती, कुंडीत जा.
माझं घर मला मिळेना."

माती म्हणाली, "मी कशी जाऊ? मला पाय नाहीत. खुरप्यानं लोटलं तर जाईन."

सुळुक सुळुक, वळवळू गेला खुरप्याकडे.

"खुरप्या खुरप्या, माती लोट.
माती कुंडीत जाईना,
माझं घर मला मिळेना."

खुरपं म्हणालं, "मी आपलं आपण हलत नाही. बाबांनी धरलं तर लोटीन."

सुळुक सुळुक, वळवळू गेला बाबांकडे. बाबा होते आरामखुर्चीत. तोंडावर पंचा. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

"बाबा बाबा, खुरपं धरा.
खुरपं माती लोटेना,
माती कुंडीत जाईना,
माझं घर मला मिळेना."

पंचा हलला. पंच्याखालून बाबा म्हणाले, "उठतो, उठतो. आधी पन्हं येऊ दे. आईनं पन्हं दिलं तर खुरपं धरीन."

कोण बोलतंय, ते बाबांनी पाहिलंसुद्धा नाही. घुर्र घुर्र.

सुळुक सुळुक, वळवळू गेला आईकडे. उंबरठा चढला. उंबरठा उतरला. स्वयंपाकघरातली फरशी गार होती. वळवळूला वाटलं, इथंच राहावं. पण फरशीत बोगदे करता येत नाहीत. त्यानं एक करून पाहिला. नाक दुखलं.

आई ओट्याशी उभी होती. कैऱ्या उकडल्या होत्या. आई गर काढत होती. पचक पचक, पचक पचक.

"आई आई, पन्हं दे.
बाबा खुरपं धरेनात,
खुरपं माती लोटेना,
माती कुंडीत जाईना,
माझं घर मला मिळेना."

आई पाठमोरीच. म्हणाली, "देते की. पण गूळ कुठाय? गुळाशिवाय पन्हं आंबटढाण. ताईनं गूळ किसला तर पन्हं देईन."

कोण बोलतंय, ते आईनं पाहिलंसुद्धा नाही. पचक पचक.

सुळुक सुळुक, वळवळू गेला ताईकडे. पुन्हा उंबरठा. पुन्हा ऊन. ताईचं नाव केतकी. केतकीताईकडे होता तुपाचा रिकामा डबा. डब्यात माती. ताईनं धने चपलेखाली रगडले होते. करकर, करकर. आता ते डब्यात पेरले होते. आणि ताई डब्यात नाक खुपसून बसली होती. कोथिंबीर उगवली का, ते बघत होती. आत्ता तर पेरली होती.

"ताई ताई, गूळ किस.
आई पन्हं देईना,
बाबा खुरपं धरेनात,
खुरपं माती लोटेना,
माती कुंडीत जाईना,
माझं घर मला मिळेना."

डब्यातूनच ताई म्हणाली, "माझे धने तहानलेत. आधी त्यांना पाणी, मग गूळ. गट्टूनं झारी दिली तर गूळ किसीन."

कोण बोलतंय, ते ताईनं पाहिलंसुद्धा नाही.

सुळुक... सुळुक... वळवळू गेला गट्टूकडे. आता तो दमला होता. पाठ कोरडी झाली होती. शेपूट कडक झालं होतं.

गट्टू म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. तो कुठं बसला होता, सांगा बरं? उलट्या कुंडीवर! वळवळूच्या घरावरच! मांडीवर झारी. आणि गाल असे टम्म फुगलेले.

"गट्टू गट्टू, झारी दे.
ताई गूळ किसेना,
आई पन्हं देईना,
बाबा खुरपं धरेनात,
खुरपं माती लोटेना,
माती कुंडीत जाईना,
माझं घर मला मिळेना."

"नाही देणार," गट्टू म्हणाला. तो आभाळाकडे बघत होता. रुसलं की तो आभाळाकडेच बघतो. "मी रुसलोय. बाबा म्हणाले, तू माती खाशील. आई म्हणाली, तू कैरी खाशील. ताई म्हणाली, तू धने खाशील. मला कुणी कामच देत नाही. माझा रुसवा गेला तर झारी देईन."

आली का पंचाईत? माती दिसते. खुरपं दिसतं. बाबा तर केवढे मोठे दिसतात. पण रुसवा कुठं राहतो?

वळवळूनं इकडं पाहिलं. तिकडं पाहिलं. रुसवा दिसला नाही. तरी त्यानं हाक मारली.

"रुसव्या रुसव्या, लवकर जा.
गट्टू झारी देईना,
ताई गूळ किसेना,
आई पन्हं देईना,
बाबा खुरपं धरेनात,
खुरपं माती लोटेना,
माती कुंडीत जाईना,
माझं घर मला मिळेना."

रुसवा काही बोलला नाही. आता पुढं कुणीच नव्हतं. कुणाकडे जायचं? ऊन तर आणखी वर आलं. वळवळू सुतळी व्हायला लागला.

तेवढ्यात त्याला दिसलं एक पाऊल. गट्टूचं. पावलाखाली एवढीशी सावली. वळवळू कसाबसा सावलीत शिरला. थोडं बरं वाटलं. मग त्यानं कूस बदलली. मग दुसरी कूस बदलली.

वळवळ वळवळ, वळवळ वळवळ.

गट्टूच्या तळपायाला झाल्या गुदगुल्या.

गट्टूनं ओठ घट्ट मिटले. रुसलेल्या माणसानं हसायचं नसतं. पण खाली पुन्हा वळवळ वळवळ. मग कसला धीर धरतोय तो. खुदुक. खुदुक खुदुक. खो खो खो खो! गालांतली हवा गेली फुस्स. रुसवा कुठं गेला, कुणालाच कळलं नाही.

गट्टूनं वाकून खाली पाहिलं. "अरे, तू वाळलास की."

त्यानं झारी तिरकी केली. टप टप टप. वळवळू ओला झाला, गुलाबी झाला. मग गट्टूनं त्याला अलगद उचललं, तळहातावर ठेवलं आणि मूठ हलकेच मिटली.

गट्टूनं झारी दिली ताईला. धने न्हाले. झिर झिर झिर.

ताईनं किसला गूळ. खस खस खस.

आईनं केलं पन्हं. ढवळ ढवळ ढवळ.

बाबा पन्हं प्यायले. घट घट घट. मिश्या पुसल्या. बाबा उठले. खरंच उठले.

बाबांनी धरलं खुरपं, केली कुंडी सरळ, आता माती लोटणार, तोच...

"थांबा," गट्टू म्हणाला.

सगळे थांबले. गट्टूनं मूठ उघडली. बाबांनी पाहिलं. आईनं पाहिलं. ताईनं पाहिलं. या वेळी सगळ्यांनी नीट पाहिलं.

"हा कोण?" बाबांनी विचारलं.

"हा वळवळू. तुम्ही त्याचं घर उलटं केलंत. तो कधीचा सांगतोय सगळ्यांना."

बाबा पंचा चाचपत बसले. आई ओला हात पुसत राहिली. ताईनं डब्यात नाक घातलं नाही. तिघांनाही वाईट वाटलं.

मग बाबा म्हणाले, "गट्टू, एक काम आहे. मोठं आहे. तुलाच जमेल. याला घरी सोडायचं."

गट्टूला काम मिळालं!

कुंडीच्या बुडाला भोक होतं. गट्टूनं त्यावर फुटक्या कपाचा तुकडा ठेवला. बाबांनी थोडी माती घातली. हळूहळू. मातीवर गट्टूनं वळवळूला ठेवलं. वर मोगरा लावला. वर आणखी माती. वर झारीनं पाणी. गट्टूनं माती खाल्ली का? थोडीशी. पण कुणी काही बोललं नाही.

आणि कुंडीतून बारीक आवाज आला,

"रुसवा गेला, झारी आली,
धने न्हाले, गूळ किसला,
पन्हं झालं, बाबा उठले,
खुरपं हललं, माती गेली,
माझं घर मला मिळालं!"

बाबा एकदम खूश झाले. जास्वंदीच्या कुंडीकडे वळले. बाह्या सरसावल्या. कुंडी धरली. आता उलटी करणार, इतक्यात गट्टू आडवा आला.

"आधी विचारा," गट्टू म्हणाला.

"काय विचारू?"

"आत कोण आहे ते."

बाबांनी गट्टूकडे पाहिलं. कुंडीकडे पाहिलं. मग खाली बसले, आणि कुंडीवर बोटानं वाजवलं. टक टक टक.

"घरात कुणी आहे का?"

आतून आवाज आला, "आहोत की. सगळे आहोत. आज रविवार आहे. आम्ही जरा टेकलोय."

बाबांनी कुंडी अलगद खाली ठेवली.

मोगरा कुंडीत, वळवळू मातीत, पन्हं पोटात. आणि ही गोष्ट? ती आता तुमच्या पांघरुणात.